किर्द-खतावणीकडून संगणकाकडे : सेवा संस्थांनी घ्यावयाची दक्षता

गावातील विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्थेचे दप्तर म्हणजे त्या गावाच्या शेतीचा आर्थिक इतिहासच होय. कोणी कोणत्या हंगामात किती पीककर्ज उचलले, किती फेडले व कोणाकडे किती थकले, हे सारे तेथील किर्द-खतावणीत नोंदलेले असते. हे दप्तर संगणकावर आणण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांकरिता २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढे संस्थांची संख्या व तरतूद वाढविण्यात आली. देशभर नाबार्डमार्फत एकच समान प्रणाली वापरली जावी आणि तिच्याद्वारे संस्था जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकेशी जोडल्या जाव्यात, असा या योजनेचा हेतू आहे.

यंत्र आले, जोडणी झाली, म्हणजे काम संपले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः खरे काम त्यापूर्वीचे आहे. संगणक हिशेब जलद करतो, तो दुरुस्त करीत नाही. वहीतील चुकीची बाकी प्रणालीत गेली की ती छापील उताऱ्यावर उमटते आणि मग तिच्याविषयी शंका घेण्यास सहसा कोणी धजत नाही.

म्हणून आरंभीच्या शिलका भरण्यापूर्वी सभासदांच्या वैयक्तिक कर्जखात्यांची बेरीज सर्वसाधारण खतावणीशी जुळविली पाहिजे, तसेच संस्थेचे बँकेकडील देणे बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिले पाहिजे. सभासदांकडील येणे हे बँकेच्या देण्यापेक्षा कमी भरले, तर सहकार क्षेत्रात त्यास ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. ती झाकण्यासाठी एखादे किरकोळ खाते उघडून तेरीज जुळविण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. तफावत आहे तशी दाखवून तिची कारणे लेखापरीक्षकापुढे ठेवावीत.

बाकीइतकाच दिनांकही महत्त्वाचा आहे. समजा, एका सभासदाने जूनमध्ये ८० हजार रुपयांचे पीककर्ज उचलले आणि डिसेंबरमध्ये दप्तर संगणकावर आले. घाईत रकमेपुढे उचलीचा म्हणून डिसेंबरचाच दिनांक पडला, तर प्रणाली परतफेडीची मुदत सहा महिने पुढे ढकलते. सभासद त्या उताऱ्यावर विसंबतो, खरी मुदत टळून जाते आणि वेळेवर फेड करणाऱ्यास मिळणारी व्याज सवलत त्याच्या हातून निसटते. नावांचेही तसेच आहे. भाग नोंदवहीत ‘दत्तू’, कर्जखात्यात ‘दत्तात्रय’ आणि सात-बारावर आणखी तिसरेच नाव, असा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मृत सभासदांच्या वारस नोंदी राहिल्या असल्यास त्याही याच वेळी पूर्ण कराव्यात.

काम कोणत्या दिवसांत सुरू करावे, याचाही विचार हवा. या बाबतीत मोठे उद्योगही चुकले आहेत. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलै महिन्यात आपली नवी व्यवस्थापन प्रणाली एकदम सुरू केली. ऑक्टोबरअखेर येणाऱ्या हॅलोविन सणासाठी मागण्या येण्याचे ते दिवस होते. माल तयार असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनी वेळेवर पुरवू शकली नाही. आपल्या सेवा संस्थेला मार्चची वसुली आणि जूनमधील कर्जवाटप व खतविक्री हे असेच घाईचे दिवस असतात. खरिपाचे वाटप उरकल्यानंतरचा आणि रब्बीची लगबग सुरू होण्यापूर्वीचा काळ त्यामानाने सोयीचा.

सुरुवातीस काही महिने वही व संगणक दोन्ही चालवावे लागतात. मात्र दररोजची रोख शिलक व महिनाअखेरची तेरीज दोन्हींकडे पडताळली जात नसेल, तर ही दुहेरी मेहनत व्यर्थ होय. वही केव्हा बंद करायची, तो दिनांकही आधीच ठरवावा. नाहीतर दोन्ही अर्धवट राहतात.

एका गटसचिवाकडे अनेक संस्थांचा कारभार असतो. त्यामुळे परवलीचा शब्द तालुक्याच्या एखाद्या संगणक केंद्रचालकाकडे देऊन टाकण्याची सवय लागू शकते. तिजोरीची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही, हे येथे आठवावे. नोंद करणारा एक व तिला मंजुरी देणारा दुसरा, हा नियम लहान संस्थेतही पाळता येतो. संचालकांपैकी निदान एकाने यासाठी प्रशिक्षण घ्यावे.

आरंभीच्या शिलका कायम करण्यापूर्वी प्रत्येक सभासदास त्याच्या खात्याचा छापील उतारा द्यावा, तो वाचून दाखवावा व त्यावर सही किंवा अंगठा घ्यावा. जे कार्यालयात आले नाहीत त्यांची यादी काढून सचिवाने त्यांच्या घरी जावे आणि तोवर ती खाती कायम करू नयेत.