पायरीचा दगड

अंगणाच्या पायऱ्यांना कोणता दगड घालावा, असे बुलढाणा जिल्ह्यात कोणी विचारले की मी आधी उलटा प्रश्न करतो : घर घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग पाडले आहेत. घाटाखाली, शेगाव-नांदुऱ्याकडे, पूर्णेच्या गाळाची खोल काळी माती. तिथे दगड बाहेरूनच येतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या बाजूला तो पायाखालीच असतो. आणि पायाखाली आहे म्हणूनच बहुधा त्याची किंमत राहत नाही.

हा आपला काळा पाषाण, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. तो सगळा एकसारखा नसतो. लोणारच्या विवरात, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या खळग्यात, उतरताना कड्याकडे पाहावे. लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. थराचा गाभा घट्ट. माथा मात्र वायूचे बुडबुडे अडकून छिद्राळ झालेला. काही छिद्रांत पुढे पांढरी झिओलाइटे भरली, काहींत हिरवट, मातकट खनिजे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टाही लागतो. हा तांबडा आणि हिरवट भरणीचा दगड पायरीला वर्ज्य समजावा. तो पाण्याने फुगतो, उन्हाने आकसतो आणि थोड्याच पावसाळ्यांत त्याच्या खपल्या सुटतात. पाथरवट हातोडीने वाजवून पाहतात : खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा.

मग सर्वांत घट्ट तो उत्तम, असे वाटेल. भिंतीला ते खरे आहे, पायरीला नाही. घट्ट बेसाल्ट कमी झिजतो, पण झिजतो तो गुळगुळीत. जुन्या बारवांत पावलांनी घासून तुकतुकीत झालेल्या पायऱ्या पावसाळ्यात उतरून पाहिल्या म्हणजे हे कळते. आपल्या बायकांना ही गोष्ट जात्यावरून ठाऊक होती. जाते गुळगुळीत झाले की दळत नाही, म्हणून टाकी लावणाऱ्याला हाक मारायची. पायरीलाही अधूनमधून तशीच टाकी हवी. ती लावणारे हात कमी झाले, ही खरी अडचण आहे. (संरक्षित वास्तूंच्या पायऱ्यांवर मात्र हा उद्योग कोणी परस्पर करू नये, ते पुरातत्त्व खात्याचे काम.)

म्हणून माझी पसंती मधल्या दगडाला : गाभ्याच्या वरच्या अंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी, विरळ छिद्रे असलेला, पण खणखणीत वाजणारा. तो झिजतो तशी आतली नवी छिद्रे उघडी पडतात आणि पावलाला धर मिळत राहतो.

बाजारात आज कोटा, शहाबादी आणि ग्रॅनाइट. पहिले दोन्ही चुनखडक. काठिण्यात बेसाल्ट सहाच्या आसपास, तर चुनखडकातले कॅल्साइट तीन. शिवाय लिंबू, दही, चिंच सांडली की चुनखडकावर डाग खातात. देवळाच्या पायरीवर हे सगळे सांडतेच. ग्रॅनाइट दगड म्हणून उत्तम, घात करते ती त्याची चकाकी. माझ्या पाहण्यातल्या एका देवळाच्या टाकीच्या पायऱ्या उखडून आरशासारखा ग्रॅनाइट बसवला गेला. पहिल्याच पावसाळ्यात एका आजींचा खुबा मोडला. आता चार महिने तिथे गोणपाट अंथरलेले असते, म्हणजे पैसे मोजून आणलेली चकाकी झाकण्यासाठीच! ग्रॅनाइटच हवा असेल तर खरबरीत केलेला मागावा, तोही मिळतो.

काळ्या दगडाचा एक दोष कबूल करायला हवा. वैशाखात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. त्यावर तैलरंगाचे पांढरे पट्टे ओढण्याचा उपाय वाईट, कारण ओला रंग दगडापेक्षा जास्त घसरतो. कडुनिंबाची सावली बरी, पण पाला रोज झाडावा लागतो.

बसवताना पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्यावा, मीटरला एक-दीड सेंटिमीटर पुरतो. पाणी साचले नाही की शेवाळ धरत नाही. पाडलेल्या वाड्याच्या पायऱ्या विकत मिळाल्या तर झिजलेली बाजू खाली घालून न घडवलेल्या तळाला टाकी लावून घ्यावी. दगड पुन्हा नव्यासारखा लागतो. फक्त तो वाड्याचाच आहे, एखाद्या बारवेचा उचललेला नाही, एवढी खात्री आधी करून घ्यावी.