पाळतीचे चित्र आणि नगरजीवन

दाजीपूरच्या रानात मचाणावर बसलेला मनुष्य गवा पाहतो. गव्याला त्याची वार्ता नसते. पाहणारा लपलेला आणि पाहिला जाणारा उघडा, हा राधानगरी अभयारण्यातील निरीक्षणाचा नियम होय. आधुनिक नगरात सीसीटीव्हीने तोच नियम माणसाला लागू केला आहे. अशा यंत्राने प्रयोगशील अनुबोधपट निर्माण करणारा कलावंत पाळतीचीच पुनरावृत्ती करतो काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या दृष्टीने मुंबईत २००७ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्प’ या कलासमूहाच्या कृती अभ्यसनीय आहेत. शायना आनंद व अशोक सुकुमारन हे त्याच्या संस्थापकांपैकी होत. २००८ साली मँचेस्टर येथे त्यांच्या प्रकल्पात सामान्य नागरिकांना पाळतीच्या नियंत्रणकक्षात प्रवेश मिळाला. ज्यांच्यावर पाळत असते, त्यांनीच ती यंत्रणा आतून पाहिली. पुढे जेरुसलेममध्ये तसाच कॅमेरा पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर बसवून त्याचे नियंत्रण त्यांच्याच हाती देण्यात आले. हा कॅमेरा सर्व दिशांना वळविता येतो आणि दूरचे दृश्य जवळ आणतो. माणसे घरात बसून परिसर न्याहाळतात आणि पाहता पाहता बोलतात. कोणी हातचे गेलेले घर दुरून पाहते. यंत्र पाळतीचेच, परंतु त्यातून येथे आठवण आणि तक्रार बोलू लागते.

‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) या कृतीत मुंबईतील एका ३५ मजली इमारतीवरील एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपलेले नगर सात पडद्यांवर अवतरते. दृष्टी आकाशातून उत्तुंग इमारतींवरून उतरत निळ्या ताडपत्रीच्या छपरांपर्यंत येते. नगरातील विषमता उभ्या रेषेत कशी रचलेली आहे, हे निवेदनाविनाच उमगते.

तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. जेरुसलेममध्ये नियंत्रण रहिवाशांकडे होते. मुंबईत ते कलावंतांकडेच राहिले. छपराखालील मनुष्य येथेही पाहिला जातो, पाहत नाही. म्हणून केवळ यंत्रावरून अशा कृतीचे मूल्य ठरविणे अपुरे होय. कॅमेरा कोण वळवितो आणि दिसणाऱ्या माणसाला त्या चित्राविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावेत. गव्याला मचाणावर बोलाविता येत नाही. नागरिकाला नियंत्रणकक्षात बोलाविता येते.