शर्यतीच्या ट्रॅकवरील पहिला दिवस आणि चामड्याचा प्रश्न

अलीकडे अनेक व्यापारी घरांच्या अंगणात दुकानाच्या टेम्पोशेजारी एखादी तीनशे-चारशे सीसीची मोटारसायकल उभी दिसते. घरातील तरुण रविवारी पहाटे मित्रांसह महामार्गावर निघतो आणि तो परतेपर्यंत आईचे लक्ष दाराकडे असते. ‘गाडी हळू चालव’ या उपदेशाचा उपयोग किती होतो, हे प्रत्येक घर जाणते. ज्याला वेगाची ओढ आहे त्याला निदान ती भागविण्याची योग्य जागा दाखवावी, हे अधिक व्यवहार्य. महामार्ग ही ती जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

योग्य जागा म्हणजे बंदिस्त ट्रॅक. भारतात असे ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. कोइम्बतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे हा एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. ते कापडगिरणीच्या उद्योगातील घराण्यातले होते. परवडणाऱ्या खर्चात तरुणांना शर्यत करता यावी म्हणून त्यांनी देशातच शर्यतीच्या मोटारी बांधल्या. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा असून सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटोजीपीची जागतिक फेरी झाली.

‘ट्रॅक डे’ म्हणजे शर्यत नव्हे. तेथे क्रमांक नसतो, करंडक नसतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गट आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटे ट्रॅकवर सोडतात. समोरून वाहन नाही, गाईगुरे नाहीत, खड्डे नाहीत; वळणावळणावर मार्शल झेंडे घेऊन उभे असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करू नये. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये यावे. निळा म्हणजे मागून वेगवान चालक येत आहे. ही भाषा पाठ असल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. नवख्याने पहिला दिवस प्रशिक्षणवर्गातच घालवावा. कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईत झाले आहेत. देशी प्रशिक्षणवर्गही आहेत आणि काही ठिकाणी गाडीही आयोजकच देतात. पहिला धडा बहुधा नजरेचा असतो : चाकापुढे न पाहता वळण जेथे संपते तेथे पाहावे. ईर्यासमितीत साधू चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात, त्याची येथे आठवण होते. अर्थात साम्य तेवढ्यापुरतेच.

शर्यतीत उतरायचे तर ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’चा परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. नवोदितांसाठी कंपन्यांच्या ‘वन मेक’ स्पर्धा सोयीच्या; सर्वांना सारखीच गाडी मिळते आणि घरची गाडी मोडत नाही.

घरची गाडी नेणाऱ्याने मात्र कागदपत्रे आधी वाचावीत. वाहन विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. हे वाक्य पॉलिसी घेताना कोणी वाचत नाही, दावा करताना विमा कंपनी वाचून दाखवते. गाडी कर्जावर असेल तर ट्रॅकवर ती चुरगळली तरी हप्ता चालूच राहतो. म्हणून कर्ज फिटेपर्यंत आयोजकांचीच गाडी वापरावी. ट्रॅकचे शुल्क हा खर्चातील छोटा भाग. टायर, ब्रेक पॅड, ट्रकने गाडी पाठविणे आणि पडल्यानंतरची दुरुस्ती हे खरे आकडे.

पैशाहून अवघड प्रश्न पोशाखाचा आहे. ट्रॅकवर आयोजक बहुधा चामड्याचाच पूर्ण सूट मागतात, आणि तो गाईच्या किंवा कांगारूच्या कातड्याचा असतो. कारण सरळ आहे : डांबरावर घसरताना साधे नायलॉन क्षणात वितळते, चामडे टिकते. जैन घरात यावर वाद होणारच. ‘विकत नको, भाड्याने घेऊ’ ही पळवाट पुरेशी नाही. कृत, कारित आणि अनुमोदना यांपैकी तिसरी तरी उरतेच. (कमरेच्या पट्ट्याबाबत आणि पाकिटाबाबत घरात इतकी चौकशी क्वचितच होते, हेही खरे.) मार्ग मात्र आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत चामड्याऐवजी दुसरे साहित्य चालते. अट एवढीच की ते किमान दीड मिलिमीटर जाडीच्या गाईच्या चामड्याइतके टिकाऊ हवे. अरामिड धाग्यांचे सूट मिळतात. युरोपीय प्रमाणकात ‘एएए’ ही त्यांची सर्वोच्च श्रेणी. मायक्रोफायबरचे बूट तर सर्रास मिळतात. हातमोज्यांत मात्र तळव्याला चामडे लपलेले असते, तेव्हा लेबल नीट पाहावे. बिगरचामडी सूट एका घसरणीनंतर बहुधा बदलावा लागतो, निवडही थोडी. शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांकडून असा सूट चालेल असे लेखी घ्यावे. ते नाकारत असतील, तर दुसरा आयोजक शोधावा. पण वादाला कंटाळून मुलाने जीन्स घालून उतरणे, ही मात्र स्वतःच्या देहाशीच हिंसा.

ट्रॅक सुरक्षित आहे असे म्हणताना एक गोष्ट झाकू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूच्या तेरा वर्षांच्या स्पर्धकाचा पडून मृत्यू झाला. रस्त्यापेक्षा येथे धोका मोजलेला आणि आवरलेला असतो, संपलेला नसतो. आयोजक हमीपत्रावर सही घेतात ती याचसाठी. ती सही घरच्यांच्या नकळत होऊ नये. वडिलांनी एकदा बरोबर जावे, मार्शल कोठे उभे आहेत, रुग्णवाहिका कोठे आहे हे स्वतः पाहावे.

आदल्या रात्री चेन, ब्रेक आणि तेलगळती तपासावी, आरसे काढावेत, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावी. संध्याकाळी हे सारे पूर्ववत करावे. ट्रॅकवर टायरमधील हवा कमी ठेवतात, ती पुन्हा भरावी. आणि त्याच रात्री थकल्या अंगाने गाडी हाकत घरी निघू नये. मुक्काम करून सकाळी निघावे.