बदलीनंतरच्या तात्पुरत्या निवासाचा खर्च

बदलीचा आदेश हाती पडला म्हणजे कर्मचाऱ्यास काही काळ दोन बिऱ्हाडे चालवावी लागतात. जुन्या गावी मुलांची शाळा असते; नव्या गावी घर मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीत किंवा सहकाऱ्याच्या ओसरीवर दिवस काढावे लागतात. हा भार कोणी सोसावा, याविषयी दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली पद्धत प्रत्यक्ष खर्चाची. अमेरिकेच्या संघ शासनात बदली झालेल्या कर्मचाऱ्यास तात्पुरत्या निवासाचा व भोजनाचा खर्च ठराविक मर्यादेत ६० दिवसांपर्यंत, व सबळ कारण असल्यास एकूण १२० दिवसांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी हिशेब व पावत्या सादर कराव्या लागतात.

दुसरी पद्धत ठोक रकमेची. भारत सरकारने तीच स्वीकारली आहे. १ जुलै २०१७ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यास, बदलीचे ठिकाण २० किलोमीटरहून दूर असल्यास, सामान्यतः अखेरच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के अनुदान मिळते. मूळ वेतन ४५,००० रुपये असल्यास ही रक्कम ३६,००० रुपये होते. अंतर त्याहून कमी असून घर प्रत्यक्ष बदलावे लागल्यास एक तृतीयांश, म्हणजे १२,००० रुपये मिळतात. येथे खोलीभाड्याची पावती कोणी मागत नाही. मात्र खर्च अधिक झाला तरी वाढीव रक्कमही मिळत नाही. जुने सरकारी निवासस्थान दोन महिने नेहमीच्या शुल्कात ठेवता येते. कुटुंब सहा महिन्यांच्या आत मागाहून आले तरी ते बरोबर आल्याचे मानले जाते. त्यामुळे मुलांचे वर्ष मोडत नाही.

तथापि दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. बदली लोकहितार्थ झालेली असावी. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीस हा भत्ता मिळत नाही. तसेच २०१८ पासून देयक सादर करण्याची मुदत एक वर्षावरून ६० दिवसांवर आणलेली आहे. मुदत टळली की हक्काची रक्कमही गमावण्याची पाळी येते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांस राज्याचे नियम लागू असल्यामुळे वरील दर त्यांनी आपले समजू नयेत. परंतु सावधगिरी सर्वत्र एकच आहे. आदेशात बदलीचे कारण काय नमूद आहे, ते प्रथम वाचावे. आदेशाची प्रत, कार्यमुक्तीचा व रुजू झाल्याचा दाखला आणि सामानवाहतुकीची पावती एकत्र जपून ठेवावी, आणि नव्या शाळेत रुजू होताच देयकाची चौकशी करावी.