बोबा फेटच्या पाठीवरचे रॉकेट आणि गोव्यातले साचे

‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेतला बोबा फेट हा शिरस्त्राण घातलेला, बक्षिसासाठी माणसे पकडून देणारा शिकारी. १९८० च्या मे महिन्यात ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम चार वाक्ये आली. चेहरा तर दिसलाच नाही. तरीही अमेरिकेतली हजारो मुले त्याला आधीपासून ओळखत होती, कारण केनर कंपनीने १९७९ मध्येच त्याची पावणेचार इंची मूर्ती टपालाने घरोघर पाठवायला सुरुवात केली होती. इतर चार मूर्तींच्या वेष्टनावरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवायचे आणि बोबा फेट मिळवायचा, अशी ती योजना होती. त्याच्या पाठीवरचे रॉकेट स्प्रिंगने उडेल अशी जाहिरात झाली. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका अंतराळ-मालिकेच्या खेळण्यातले उडणारे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला होता. केनरने बेत बदलला आणि प्रत्यक्षात मुलांच्या हाती पक्के चिकटवलेले रॉकेट पडले. उडणाऱ्या रॉकेटचे कारखान्यातले मोजके नमुने मात्र शिल्लक राहिले. त्यांतला हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेला.

अशी बातमी वाचून सामान्य वाचकाच्या मनात पहिला विचार येतो तो पैशाचा माज आणि वेड यांचा. पण त्या नमुन्याला किंमत कशामुळे आली हे नीट पाहिले तर वेगळीच गोष्ट हाती लागते. बाजारात न आलेल्या एका वस्तूत एका उद्योगाचा निर्णय गोठून राहिला आहे: रचना काय होती, ती का रद्द झाली, रॉकेट अडकवायची खाच आधी कशी होती आणि नंतर कशी बदलली. हे सगळे आज माहीत आहे ते प्रामुख्याने संग्राहकांमुळे. त्यांनी नमुने जुळवले, कारखान्यातल्या जुन्या लोकांना गाठले, खाचांच्या आकारावरून क्रम लावला. चित्रपटातल्या पात्रांच्या वस्तू गोळा करणे हा छंद मनापासून आणि शिस्तीने केला, तर ते कारखान्यांच्या इतिहासाचे काम ठरते. आपल्याकडे तर दुसरे कोणी ते करत नसल्याने या छंदाकडे आदराने पाहण्याची गरज अधिक आहे.

आधी या वस्तू जन्माला कशा येतात ते पाहू. २५ मे १९७७ रोजी पहिला ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला, त्याआधी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्टुडिओशी करार करताना मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढचे भाग आणि पात्रांच्या वस्तू विकण्याचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. स्टुडिओला त्या हक्कांचे मोल वाटले नव्हते. खेळण्यांच्या धंद्यातली त्या वेळची मोठी कंपनी मेगो हिनेही परवाना नाकारला. तो केनरने घेतला, पण चित्रपट इतका चालेल याचा अंदाज तिलाही नव्हता. नाताळ आला तेव्हा दुकानात ठेवायला मूर्तीच तयार नव्हत्या, म्हणून केनरने पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यात चित्रे होती आणि मूर्ती नंतर टपालाने मिळतील असे प्रमाणपत्र होते. मूर्तीची उंची पावणेचार इंच ठरली यालाही व्यवहाराचे कारण होते. त्या काळच्या बारा इंची बाहुल्यांच्या मापाने अंतराळयान बनवले असते, तर ते घरात मावले नसते आणि खिशालाही परवडले नसते. छोट्या मापाने सगळ्या धंद्याचे गणित बदलले. १९८२ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने आपला जुना सैनिक ‘जी. आय. जो’ पुन्हा बाजारात आणला, तो याच पावणेचार इंचांत.

इथून हा धागा आपल्या दारात येतो. टायर बनवणारी एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात सुरू झाला. परदेशी खेळण्यांची आयात त्या काळी अवघड होती. त्यामुळे हॅस्ब्रोचे पोलादी साचे इथे आणायचे आणि त्यांतून इथल्या कामगारांनी इथल्या प्लॅस्टिकच्या मूर्ती काढायच्या, असा मार्ग निघाला. अमेरिकेत जी. आय. जोची ती मालिका १९९४ मध्ये बंद पडली, तरी भारतात ती पुढेही काही वर्षे निघत राहिली. साचा तोच असला तरी मूर्ती तीच राहिली नाही. रंग बदलले, एका पात्राचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसले, अमेरिकेत कधीच न निघालेल्या जोड्या गोव्यातून बाहेर पडल्या. ‘स्ट्रीट हॉक’ ही अद्भुत मोटारसायकलवाल्या नायकाची अमेरिकी विज्ञानकथा-मालिका दूरदर्शनवर दिसू लागली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली, तेव्हा फनस्कूलने जी. आय. जोच्याच भागांतून त्या नायकाचीही मूर्ती काढली. मुंबईच्या ब्लो प्लास्टने ‘लिओ’ या नावाखाली मॅटेल कंपनीच्या ही-मॅनच्या मूर्ती बनवल्या, त्यांची गतही अशीच. अमेरिका-युरोपातले संग्राहक आज या भारतीय मूर्ती मुद्दाम शोधतात, त्यांच्या रंगभेदांच्या याद्या करतात, छायाचित्रे जुळवतात. गोवा आणि मुंबईच्या एका उद्योगाच्या कामाचा तपशील आज जितका लिहून ठेवलेला सापडतो, त्यातला बहुतांश भाग दूरदेशीच्या या हौशी माणसांनी जमवलेला आहे. ही गोष्ट मराठी वाचकाला लागायला हवी.

संग्राहक खेळणे वेष्टनासकट का जपतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. न उघडलेले खेळणे म्हणजे मेलेले खेळणे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मुलाच्या बाजूने पाहिले तर अगदी खरे आहे. खेळणे खेळण्यासाठीच असते आणि ज्याने ते मनसोक्त मोडले त्याने त्याचा योग्य उपयोग केला. पण इतिहासाच्या बाजूने पाहिले तर पुठ्ठा बोलतो. आपल्याकडे तर तो अधिक बोलतो, कारण वेष्टनबंद वस्तूंसाठी केंद्र सरकारचे नियम, योगायोगाने १९७७ चेच, वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना, वर्ष आणि किंमत छापायला लावत होते. अमेरिकी पुठ्ठ्यावर हे सगळे मिळत नाही. तिथल्या संग्राहकाला मूर्तीच्या पायावर उठवलेली बारीक अक्षरे भिंगाखाली वाचून ती हाँगकाँगची, तैवानची की मकावची हे ठरवावे लागते. आपल्याकडे मात्र पुठ्ठा शाबूत असेल तर मूर्ती कोणत्या महिन्यात भरली गेली आणि मध्यमवर्गीय बापाने तिच्यासाठी किती रुपये मोजले, हे लगेच कळते. कारखान्याची नोंदवही कुणाच्या हाती लागण्याची शक्यता फार थोडी, म्हणून हा पुठ्ठा मोलाचा. दुर्दैवाने आपल्या घरांत आधी फेकला जातो तोही पुठ्ठाच.

या छंदावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की तो परका आहे. आपल्याकडे खेळण्यांची शतकांची परंपरा असताना अमेरिकी कंपनीने आखलेल्या पात्रांच्या प्लॅस्टिकचे कौतुक कशाला? या आक्षेपाची कसोटी लाकडी खेळण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काशीत पाहता येते. मणिकर्णिकेच्या उत्तरेला शिंदे घाट, त्याला लागून संकठा घाट आणि जरा पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, असा हा किनारा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. संकठा घाटावर वर संकटा देवीचे मंदिर आहे. घाटाचे दगडी बांधकाम १८२५ मध्ये बेनीराम पंडितांच्या विधवेने करवून घेतले. इतिहासात त्या केवळ ‘पंडिताइन’ या ओळखीने उरल्या आहेत. पैसा कोणाचा हे लक्षात राहिले, ज्यांनी पायऱ्यांचा दगड घडवला त्यांची नावे गेली. घाटामागच्या गल्ल्यांतून विश्वनाथ गल्लीकडे निघाले की लाकडी खेळण्यांची दुकाने लागतात. रामदरबार, वाजंत्र्यांचे ताफे, हत्तीघोडे, सिंदूरदाण्या. खरादीवर लाकूड फिरवायचे, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवायचा आणि केवड्याच्या पानाने त्याला झळाळी आणायची, अशी ही कारागिरी. पूर्वी यासाठी कोरैयाचे लाकूड वापरत. त्याच्या तोडीवर बंधने आल्यावर निलगिरी आली. २०१५ मध्ये या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२४ मध्ये या खेळण्यांचे कारागीर गोदावरी सिंह यांना पद्मश्री.

हे मानांकन मिळवायचे तर लाकूड कोणते, रंग कोणता, पद्धत कोणती, कोणत्या भागात काम चालते, हे सगळे लिहून सादर करावे लागते. बनारसच्या लाकडी खेळण्याला ही लेखी ओळख मिळाली याचा आनंदच आहे, आणि ती आणखी हातांपर्यंत पोचायला हवी. पण म्हणून गोव्याच्या साच्यावर काम करणारा हात कमी भारतीय ठरतो का? कोरैया जाऊन निलगिरी आली तरी बनारसचे खेळणे बनारसचेच राहिले. त्याच न्यायाने साचा अमेरिकेतून आला तरी रंगाची निवड, डोके-धडाची जोडणी आणि पुठ्ठ्याची छपाई इथली होती. शिवाय चित्रपटातले पात्र आणि रामदरबारातले पात्र यांत मुलाच्या दृष्टीने अंतर फार नाही. दोन्ही ठिकाणी आधी ऐकलेली-पाहिलेली कथा हातात धरता येईल एवढी होऊन येते. मी प्लॅस्टिकला लाखेच्या बरोबरीचे सौंदर्य देऊ करत नाही. नोंद मात्र दोन्हींची सारख्याच काळजीने व्हावी, एवढे माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. किमती वाढल्या की गुंतवणूकदार येतात, ते आले की बनवाबनवी येते. १९७८ च्या सुरुवातीच्या ‘जावा’ या बुटक्या पात्राच्या अंगावर प्लॅस्टिकचा झगा होता. लवकरच केनरने तो बदलून कापडाचा केला, त्यामुळे प्लॅस्टिकवाला जावा दुर्मीळ झाला. मग दुसऱ्या स्वस्त मूर्तीचा झगा कापून जावाला चढवण्याचा उद्योग सुरू झाला. या फसवणुकीला आळा बसला तो संग्राहकांच्या जाणकारीने, झग्याची जाडी, पोत, बाह्यांची भोके यांचा बारकाईने अभ्यास करून. उलट, परवाना न घेता तुर्कस्तान, पोलंड, हंगेरी इथे निघालेल्या नकला आज स्वतंत्रपणे जपल्या जातात, कारण जिथे अस्सल माल पोचत नव्हता तिथल्या मुलांनी कोणता बोबा फेट हाती घेतला हे त्याच सांगतात. बाजाराला हे सुचले नसते. सव्वापाच लाख डॉलरची बातमी या छंदाला भूषणावह नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे शाळकरी मुलाला आणि साध्या पगारदाराला हा छंद आपला नाही असे वाटू लागते. भारतात २०२३ पासून आयात खेळण्यांवर ७० टक्के सीमाशुल्क आहे, तेव्हा नव्या परदेशी मूर्तींच्या मागे धावणे तसेही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. आपल्या संग्राहकाचे खरे क्षेत्र माळ्यावरच्या पेटीत आणि रद्दीच्या दुकानात आहे.

आणि हे पोरकट आहे, हा आक्षेप? पुण्यात दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा करत हिंडले, तेव्हा त्या वस्तू जुन्या बाजारातल्याच होत्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाला दिले. काशीत राय कृष्णदासांच्या आस्थेने जमलेल्या संग्रहातून भारत कला भवन झाले. वस्तू क्षुल्लक की थोर हे अशा माणसांनी जमवल्यानंतर ठरले. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी एका जुन्या कोंबड्यांच्या फार्मवर स्टीव्ह सॅन्सवीट यांनी ‘स्टार वॉर्स’च्या वस्तूंचे संग्रहालय केले आहे. तिथल्या वस्तू तीन लाखांच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे आणि गिनीज बुकात त्याची नोंद आहे. ते आता ना-नफा संस्था म्हणून चालते. एवढे कोणी इथे करावे असे नाही. पण गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयात त्या कारखान्यांच्या खेळण्यांसाठी एक कपाट असायला काय हरकत आहे?

यात उशीर परवडणारा नाही, कारण प्लॅस्टिक टिकाऊ असते हा गैरसमज आहे. मऊ पीव्हीसीत लवचिकतेसाठी घातलेले द्रव्य वर्षांनुवर्षे पाझरून पृष्ठभागावर येते आणि मूर्ती चिकट होते. पांढरे भाग उजेडाने पिवळे पडतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरते.  अशा मूर्तींना थंड, अंधारी जागा लागते. ज्याच्याकडे अशा मूर्ती आहेत त्याने पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, महिना-वर्ष-किंमत टिपावी, कोणत्या गावच्या दुकानातून आली ते लिहावे. आणि १९८८ च्या आसपास विशीत असताना गोव्याच्या त्या साच्यांवर ज्यांनी काम केले, ते आज साठीकडे झुकले आहेत किंवा निवृत्त झाले आहेत. अमुक महिन्यात लाल रंगाऐवजी केशरी का वापरला, कोणते डोके कोणत्या धडावर बसवायचे हे कोणी ठरवले, हे परदेशातल्या याद्यांमध्ये सापडत नाही. ते त्यांनाच विचारावे लागेल, आणि मराठी-कोंकणीत विचारावे लागेल.