उंदरांस दारू कां पाजतात?

नागपुराहून दक्षिणेस निघालेला हमरस्ता सुमारें तीस किलोमीटरांवर आमच्या बुटीबोरीस येतो व येथें त्यास दोन फांटे फुटतात. एक हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जातो, दुसरा वर्ध्यावरून तुळजापुराकडे. परंतु दोन्ही वाटा प्रथम शिरतात त्या वर्धा जिल्ह्यांतच. आणि गांधीजी व विनोबा यांच्या वास्तव्यानें पुनीत झालेल्या त्या जिल्ह्यांत १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळें पुढें तहान लागण्याची ज्यास भीति, तो ती आमच्याच गांवीं भागवून जातो. कारखान्यांची पाळी सुटली म्हणजे चौकांतील गर्दी पाहून नवख्यास येथें कांहीं यात्रा भरली आहे असें वाटावें. दारू ही त्या चौकांतली गोष्ट, आपल्या उंबरठ्याच्या आंतली नव्हे, असें आम्हीहि पुष्कळ वर्षें समजत होतों.

आमचे थोरले बंधु आतां हयात नाहींत. त्यांचा मुलगा येथील एका कारखान्यांत चांगल्या हुद्द्यावर आहे. रात्रपाळीच्या मित्रमंडळींत त्यास घोट घोट करतां पुरतें व्यसन लागलें. गेल्या वर्षीं आषाढांत एके सायंकाळीं त्याची पत्नी ओसरीवर आली आणि पदराआडून पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी काढून म्हणाली, "काका, शेजारच्या बाई सांगतात, रोज एक गोळी वरणांत कुस्करून घातली कीं माणसास दारू नकोशी होते. ह्यांना कळणारहि नाहीं. घालूं का?"

खोटें कशास बोला? आमच्या मनांत प्रथम 'घाल' असेंच आलें होतें. परंतु उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. पदाचा अर्थ लागल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, ही खोड हाडीं खिळलेली. भिंगानें पाहतां पट्टीवर 'डायसल्फिराम' असें नांव दिसलें. आमचा एक जुना विद्यार्थी नागपुरास औषधशास्त्राचें संशोधन करितो. त्यास दूरध्वनि केला. तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, पट्टी कपाटांत ठेवा आणि कुलूप लावा. मी रविवारीं येतों." त्या रविवारीं त्याच्या तोंडून जें ऐकलें आणि पुढें जें वाचून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

डायसल्फिराम हें द्रव्य मूळचें रबराच्या धंद्यांतलें. रबर पक्कें करण्याच्या क्रियेंत तें व त्याचीं सगोत्र द्रव्यें वापरीत. अशा द्रव्यांशीं काम करणाऱ्या मजुरांस मद्य सोसेनासें होतें, असें १९३७ सालीं अमेरिकेंतील ई. ई. विल्यम्स या डॉक्टरांनीं लिहून ठेविलें. पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें कोपनहेगन येथें एरिक याकोबसेन व येन्स हाल्ड हे दोघे पोटांतील जंतांवर उपाय म्हणून याच द्रव्याची सशांवर परीक्षा पाहत होते. तेथें गुण दिसला, तेव्हां दोघांनीं तें स्वतः घेऊन पाहिलें. आणि मग मद्याचा पेला घेतला कीं तोंड लालबुंद, छातींत धडधड, पोटांत मळमळ! १९४८ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला व १९५१ सालीं अमेरिकेंत या औषधास परवानगी मिळाली. यांतील मौज अशी कीं, ससा बिचारा दारू पीत नाहीं. म्हणून जन्मभर सशांवर प्रयोग केले असते तरी हा गुण कोणास कळला नसता. जनावरास जें विचारावें तेवढ्याचेंच तें उत्तर देतें.

या औषधाची करामत यकृतांत चालते. दारूचें तेथें प्रथम ॲसिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य बनतें व मग त्याचें शिरक्यांतल्या आम्लासारखें निरुपद्रवी आम्ल होतें. गोळी ही दुसरी पायरी बंद करिते. विष रक्तांत सांचतें. म्हणजे ही गोळी दारूची वासना मुळींच कमी करीत नाहीं, दारू पिणाऱ्यास शासन करिते. माणसास गोळी घेतल्याचें ठाऊक असेल तर तो भीतीनें पेल्यापासून दूर राहतो. ठाऊक नसेल तर तो नेहमींप्रमाणें पितो, आणि मग वांति, रक्तदाब एकदम खालीं येणें, हृदय दुबळें असल्यास प्रत्यक्ष मृत्यु! शेवटच्या गोळीनंतरहि दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. आमच्या विद्यार्थ्यानें आणखी एक गोष्ट सांगितली ती प्रत्येक गृहिणीनें ध्यानांत ठेवावी. दशमूलारिष्ट, द्राक्षासव इत्यादि आपलीं आसवें व अरिष्टें यांत आंबण्यानें आपोआप मद्यार्क उत्पन्न झालेला असतो. खोकल्याच्या कित्येक औषधांतहि तो असतो. गोळी चालू असतां तीं वर्ज्य. सूनबाई वरणांत गोळी घालणार आणि वहिनी मायेनें मुलास द्राक्षासव पाजणार, असें आमच्या घरांत सहज घडलें असतें.

"पण तुला इतकें कसें रे ठाऊक?" असें विचारतां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, उंदरांस दारू पाजणें हाच माझा धंदा आहे." वहिनी आंतून ऐकत होत्या. "अगबाई! गणपतीच्या वाहनास?" त्यांच्या या उद्गारापासून खरें शिक्षण सुरू झालें.

पिंजऱ्यास दोन बाटल्या टांगतात. एकींत पाणी, दुसरींत मद्य मिसळलेलें पाणी. रोज दोहोंचें वजन करून उंदरानें कशांतलें किती प्यालें हें काढितात, आणि बाटल्यांच्या जागा बदलीत राहतात, नाहीं तर उंदीर केवळ संवयीनें एकाच बाजूस जातो. मग नवें औषध देऊन मद्याचें माप उतरतें कीं नाहीं तें पाहावयाचें. दुसऱ्या रीतींत उंदरानें कळ दाबिली कीं नशेच्या द्रव्याचा थेंब नळीनें त्याच्या रक्तांत जातो, व तो कितीदां दाबितो हें यंत्र मोजतें. तिसरींत दोन खोल्यांची पेटी असते. एका खोलींत निकोटीन टोंचावयाचें, दुसरींत नुसतें मिठाचें पाणी. कांहीं दिवसांनीं मधलें दार उघडलें कीं उंदीर निकोटिनाच्या खोलींतच घुटमळतो. पण आमच्या मनांत घर करून राहिला तो चौथा प्रयोग. जमिनीपासून उंच, अधिक चिन्हाच्या आकाराची एक वाट करितात. तिच्या दोन भुजांस भिंती असतात, दोन उघड्या असतात. धडधाकट उंदीर उघड्या भुजेंतहि चौकसपणें डोकावतो. दारू एकाएकीं तुटलेला उंदीर भिंतीच्या आडोशास अंग चोरून बसतो. हें ऐकतांना आमच्या पुतण्याचें सुट्टीच्या दिवशींचें दार लावून बसणें आम्हांस आठवलें.

असले प्रयोग परदेशींच होत असतील अशी आमची समजूत होती. तसें नाहीं. नागपूर विद्यापीठांतील डॉ. निशिकांत सुभेदार व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, दारू तुटल्यावर उंदरांस जी धास्ती वाटते तिचा मेंदूच्या ॲमिग्डाला या भागांतील 'कार्ट' नांवाच्या पेप्टाइडाशीं संबंध दाखविला आहे. कामठीच्या श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील संशोधकांनीं २०१० सालीं ॲग्मॅटीन या द्रव्यानें उंदरांची तीच धास्ती कमी होते असें प्रसिद्ध केलें. हें ॲग्मॅटीन आपल्या शरीरांतहि अल्प प्रमाणांत बनतें. २०१४ सालीं तेथल्याच मंडळींनीं निकोटिनाच्या खोलीची ओढहि त्यानें घटते असें दाखविलें. ज्या वऱ्हाड-नागपुरांत पानठेल्यापानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून खर्रा विकला जातो, तेथें हें संशोधन व्हावें हें योग्यच. मात्र उंदरांवर गुण दिसला म्हणजे औषध सिद्ध झालें असें नव्हे. माणसाच्या व्यसनावरील मान्य औषधांत ॲग्मॅटीन अद्याप आलेलें नाहीं.

उंदीर आणि माणूस यांमधली ही वाट किती लांब आहे याचीं दोन उदाहरणें त्यानें दिलीं. नाल्ट्रेक्सोन हें औषध दिल्यास माकडें मद्य कमी पितात असें १९८० सालीं आढळलें. माणसांवरील चांचण्यांचे निष्कर्ष १९९२ सालीं आले, आणि दारूच्या व्यसनावर अमेरिकेंत त्यास १९९४ सालीं परवानगी मिळाली. हें औषध शासन करीत नाहीं. दारूनें मेंदूंत जी गोडी उत्पन्न होते तीच तें फिकी करितें. चौदा वर्षें लागलीं, पण वाट पार झाली. उलट, मनावरील ताणाचा निरोप मेंदूंत पोंचविणाऱ्या एका संप्रेरकास अडविणारीं औषधें निघालीं. व्यसनी उंदरांवर त्यांनीं उत्तम गुण दाखविला, आणि २०१५ व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचण्यांत माणसांची दारूची ओढ त्यांनीं कमी केली नाहीं. उंदरास नोकरी नसते, कर्ज नसतें, शेजारीं काय म्हणतील ही चिंता नसते. त्याचा ताण तो कितीसा!

मुक्या जीवांच्या हालांविषयीं आम्हीं त्यास विचारलेंच. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं यावर केंद्रीय समितीची देखरेख आहे. प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीची अनुज्ञा घेतल्यावांचून एका उंदरासहि हात लावतां येत नाहीं. आणि २०२३ सालीं आपल्या देशाच्या नियमांत दुरुस्ती होऊन नव्या औषधांच्या परीक्षेस जनावरांवांचूनच्या रीतीहि मान्य झाल्या आहेत. आमचें पूर्ण समाधान झालें असें म्हणवत नाहीं. परंतु सूनबाई ज्यास गुपचूप गोळी घालणार होती त्याच्यासाठीं कोणत्या समितीची अनुज्ञा घेतली होती, असा प्रश्न आमचा आम्हांसच पडला.

निघतां निघतां त्यानें आणखी दोन प्रयोग सांगितले. कॅनडांत ब्रूस अलेक्झांडर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत उंदरांसाठीं एक प्रशस्त बागच केली. तींत नरमाद्यांचा मोठा गोतावळा एकत्र ठेविला. एकट्या पिंजऱ्यांतले उंदीर अफूच्या मॉर्फिनाचें पाणी भरपूर पीत. बागेंतले पुष्कळच कमी. पुढें इतरांस दर वेळीं असाच पडताळा आला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु २०१८ सालीं मार्को व्हेनिरो व त्यांचे अमेरिकेंतील सहकारी यांनीं व्यसनी उंदरांपुढें दोन कळा ठेविल्या. एक नशा देणारी, दुसरी सोबत्याचें दार उघडणारी. बहुतेक सारे सोबत्याकडे गेले! एकत्र कुटुंबाचे अभिमानी आम्ही. हें ऐकून आमची छाती फुगली. तोंच तो म्हणाला, "पण गुरुजी, सोबत्याचें दार उघडण्यास फार वेळ लावला, किंवा त्यासाठीं उंदरास पायाखालीं विजेचा चटका दिला, तर तो पुन्हा नशेकडे वळतो."

आमच्या घरांत अकरा माणसें. पुतण्या पंक्तीस बसे, पण त्याच्याशीं कोणी बोलत नसे. आम्हीं स्वतः आठ महिने त्यास नांवानें हांक मारिली नव्हती. तोच आमचा उपदेश अशी आमची कल्पना. घरीं उशिरा आला तर दार उघडे, पण वहिनींच्या एखाद्या टोमण्यासकट. चटका याहून निराळा काय असतो?

त्याच रात्रीं आम्हीं त्यास माडीवर बोलाविलें, पट्टी समोर ठेविली आणि वरणाची हकीकत जशीच्या तशी सांगितली. तो संतापेल असें वाटलें होतें. तो बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मला विचारायचं तरी होतं." पुढच्या आठवड्यांत तो आमच्याबरोबर नागपुरास डॉक्टरांकडे आला. एकदम दारू तोडल्यास मोठ्या व्यसनी माणसास झटके येतात, वातभ्रमहि होतो. म्हणून प्रथमचे कांहीं दिवस त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं काढविले. यकृत व हृदय तपासलें. मग कोणतें औषध घ्यावें हें त्यालाच विचारलें. त्यानें डायसल्फिरामच निवडलें; "मला धाकच हवा," म्हणाला. रोज रात्रीं जेवणानंतर आईसमोर गोळी घ्यावयाची असें ठरलें. (ज्यांच्या ओळखीचा डॉक्टर नाहीं त्यांनीं १४४४६ हा सरकारी विनामूल्य क्रमांक फिरवावा.)

सर्व सुरळीत झालें असें लिहितां आलें असतें तर आनंद वाटला असता. तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधीं त्यानें गोळी जिभेखालीं धरून थुंकली, आणि दोन दिवस पुरे झाले अशा समजुतीनें मित्रांत बसला. पाऊण तासांत त्यास उचलून रुग्णालयांत न्यावें लागलें. तोंड जांभळें, नाडी लागेना. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं पहिला प्रश्न केला तो, हे कोणतीं औषधें घेतात? सूनबाईनें तात्काळ नांव सांगितलें, मात्रा सांगितली. वरणाच्या वाटीनें हें काम चाललें असतें तर त्या वेळीं तिच्या तोंडून शब्द फुटला असता का?

त्यास आतां आठ महिने होत आले. खर्रा अजून सुटलेला नाहीं. त्याविषयीं आम्ही सध्यां बोलत नाहीं. परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनींनीं पाण्याचा पेला आणि गोळी त्याच्यापुढें ठेविली. तो हातांत गोळी घेऊन आम्हांस म्हणाला, "काका, प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय करतात?"

मेंदूचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, असें आम्हीं सांगितलें.

"म्हणजे मारतात."

"होय."

तो थोडा वेळ तसाच बसला. मग त्यानें गोळी तोंडांत टाकली, पाणी प्याला, आणि वहिनींनीं न मागतांच तोंड उघडून जीभ वर करून दाखविली.