सदोष वस्तूमुळे झालेली इजा आणि भरपाईचा हक्क

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ती बदलून मिळावी किंवा पैसे परत मिळावेत, हा हक्क भारतीय ग्राहकाला १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिला. परंतु त्याच वस्तूमुळे माणूस भाजला, जायबंदी झाला किंवा दगावला, तर भरपाईसाठी समोरच्या पक्षाचा निष्काळजीपणा दाखवणे त्या कायद्याच्या शब्दांनुसार भाग होते. कारखान्याच्या भिंतीआड कोणत्या टप्प्यावर काय चुकले, हे जखमी माणसाने सिद्ध करावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची होती. २०१९ च्या अधिनियमाचे २० जुलै २०२० पासून लागू झालेले सहावे प्रकरण ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी, स्वतंत्रपणे मांडते.

कलम ८४ नुसार घडणीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या निर्मिती-निकषांपासून फारकत, स्पष्टपणे दिलेल्या हमीचा भंग किंवा वापराच्या सूचना व धोक्याचा इशारा पुरेसा नसणे, यांपैकी एक बाब सिद्ध झाली तरी उत्पादक जबाबदार ठरतो. एखाद्याच प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नादुरुस्त निघाला, तर तो घडणीतला दोष. पण वाफ कोंडलेली असतानाही झाकण उघडावे अशीच आखणी असेल, तर त्या मॉडेलचा प्रत्येक नग सदोष. हानीमध्ये इजा, आजार, मृत्यू, इतर मालमत्तेचे नुकसान आणि त्या अनुषंगाने होणारा मनस्ताप येतो. खुद्द त्या वस्तूच्या किमतीसाठी मात्र सदोष मालाची नेहमीची तक्रार करावी लागते. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर दायित्व विक्रेत्यावर येते, आणि बिनछापाच्या स्वस्त मालाने बाजार भरलेला असताना ही तरतूद फार मोलाची आहे.

सामान्य माणसाने दोषाचा पुरावा कितपत द्यावा, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० एप्रिल २०२२ च्या निकालात मिळते. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर झालेल्या अपघातात एका मोटारीच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत आणि मालकाच्या डोक्याला, छातीला व दातांना इजा झाली. समोरून पुरेशा जोराची धडक बसली नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. वेग आणि बल यांचे गणित मांडायला ग्राहक हा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे सांगत न्यायालयाने, घडलेली गोष्टच दोषाची साक्ष देते हे तत्त्व लावले आणि उपचार व बुडालेल्या उत्पन्नापोटी २ लाख, मनस्तापापोटी ५० हजार, दाव्याच्या खर्चापोटी ५० हजार रुपये व बदली गाडी देण्याचा आदेश कायम ठेवला.

वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. तसेच उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही.

तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे, वकिलाशिवायही, करता येते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते, त्यामुळे सुनेने घेतलेल्या मिक्सरने सासूबाईंचा हात कापला, तर त्या स्वतः दाद मागू शकतात; ग्राहकाचा मृत्यू झाल्यास हा हक्क वारसांकडे जातो. मुदत दोन वर्षांची आहे. कोणत्या पातळीवरच्या आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवर न ठरता वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. फुटलेला कुकर भंगारात गेला किंवा दुरुस्तीच्या नावाखाली दुकानदाराने नेला, की हा मार्ग बंद होतो. म्हणून वस्तूचे तुकडे, पावती, खोका आणि दवाखान्याचे कागद निकाल लागेपर्यंत ग्राहकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावेत.